सूत कोण कातते?

नागपूरच्या पूर्वेला, भंडाऱ्याच्या वाटेवरच्या एका जुन्या विणकर गावात मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी गेले होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी मिळाली आणि यजमानांच्या ओळखीने कोष्टीपुऱ्यातल्या एका घरी माग पाहायला गेले. पडवीच्या एका अंगाला खड्डामाग होता. खड्ड्यात पाय सोडून सत्तरीला टेकलेले एक गृहस्थ विणत होते. दोरीला हिसका बसला की धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकायचा, फणी पुढे येऊन धागा ठोकायची, आणि त्या ठोक्याबरोबर पडवीचा जुना लाकडी खांब किंचित हादरायचा. ताण्याला दिलेल्या खळीचा आंबूस वास साऱ्या घरात भरून राहिला होता. पांढऱ्या अंगाचे, किरमिजी काठाचे सुती लुगडे हातभर विणून झाले होते. मी त्या कापडाला बोट लावून पाहिले, त्याचा पोत फार आवडला, आणि सहज विचारले, "काका, सूत कोण कातते?" माग थांबला. प्रश्न त्यांना नीट कळला नसावा. "सूत तं गिरणीचंच असते ना ताई," ते म्हणाले, "हातानं कोण कातते?" मग कोनाड्यातला लड्यांचा गठ्ठा काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. त्यावर दक्षिणेकडच्या एका गिरणीची छापील चिठ्ठी होती. शेजारी कांड्या भरत बसलेल्या त्यांच्या पत्नीला मी विचारले, की पूर्वी या घरातल्या बायका कातत असतील ना? त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिले. कांड्या भरणे, ताणा जोडणे, खळ देणे या कामांच्या गोष्टी त्यांना अगदी आजेसासूपासूनच्या सांगता आल्या. कातण्याविषयी मात्र कोणी कधी बोललेलेही त्यांना आठवेना.

पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करणाऱ्या घराला विणण्याची इतकी बारीकसारीक आठवण असावी, आणि ज्या धाग्यावाचून विणणे शक्यच नाही तो धागा काढणाऱ्या हातांची आठवण साफ पुसली जावी, ही गोष्ट घरी परतल्यावरही माझा पिच्छा सोडीना. हातमागाचे म्हणून जे कापड आपण कौतुकाने नेसतो, त्यातले विणणे तेवढे हाताचे असते. कातणे दीडशे वर्षांहून अधिक काळ यंत्राचे आहे. ते आधी कोणाचे होते, त्यांच्याकडून ते कसे गेले, आणि ते गेल्याची साधी आठवणही घरांतून का उरली नाही, हे प्रश्न घेऊन मी वाचत राहिले.

आमच्या लहानपणी शाळेत सूतकताईचा तास असे. त्या तासाची आठवण मला अजूनही बोटांतून येते. पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत हलकेच धरायचा, उजव्या हाताने टकळीला गिरकी द्यायची, आणि पीळ वर चढत असतानाच डावा हात मागे मागे नेत पेळूतून तंतू सुटू द्यायचे. पीळ जास्त झाला तर धागा स्वतःभोवतीच गुंतायचा. तंतू जास्त सुटले तर मध्येच जाड गाठोडे यायचे, आणि कमी सुटले तर धागा तुटून टकळी फरशीवर खणकन पडायची. वर्गभर तो खणखणाट चाले. आमच्या बाई मात्र बोलता बोलता, वर्गात येरझारा घालता घालता कातत असत, आणि त्यांच्या चिमटीतून निघणारा धागा पाहता पाहता दोन हात लांब होई. त्यांची नजर आमच्यावर असायची, धाग्यावर नसायची. धागा बारीक होतो आहे की जाड, हे डोळ्यांच्या आधी चिमटीला कळते, आणि ते एकदा कळू लागले की डोळे, कान आणि जीभ दुसऱ्या कामाला मोकळी राहतात. म्हणूनच हे काम पाळण्याची दोरी ओढता ओढता, चुलीवरचे शिजेपर्यंत, म्हातारीच्या उशाशी बसून, कधीही हाती घेता येई आणि कधीही खाली ठेवता येई. जगात जिथे जिथे कापूस, लोकर किंवा जवस होते तिथे तिथे ते बायकांकडे आले ते यामुळेच. आपल्याकडे ते कोणा एका जातीचेही नव्हते. विणणारे कोष्टी, साळी असत. कातणाऱ्या मात्र कोणत्याही घरच्या असत. विदर्भात महार समाजातली माणसे सूत कातत आणि जाडेभरडे कापड विणतही. ज्या बाईला घराबाहेर पडण्याची मुभा नव्हती, तिलाही चातीवर, म्हणजे सूत पिळून गुंडाळणाऱ्या दांडीवर, चार पैसे मिळवता येत होते.

अशा एका बाईचे पत्र उपलब्ध आहे.

बंगालमधल्या श्रीरामपूरहून निघणाऱ्या 'समाचार दर्पण' या बंगाली साप्ताहिकात १८२८ साली ते छापले गेले. लिहिणारी शांतिपूरची, सूत कातणारी विधवा. नवरा गेला तेव्हा ती बाविशीत होती; पदरात तीन मुली, घरात म्हातारे सासूसासरे, आणि मागे काहीही ठेवलेले नाही. दागिने विकून तिने नवऱ्याचे श्राद्ध केले. उपासमारीची वेळ आली तेव्हा देवाने आपल्याला कातण्याची वाट दाखवली, असे ती म्हणते. मग तिने आपला दिवस सांगितला आहे. सकाळची घरकामे आटोपून दुपारपर्यंत चरखा. मग स्वयंपाक, सासूसासऱ्यांचे आणि मुलींचे जेवणखाण, आणि त्यानंतर टकळीवर बारीक सूत. दिवसाकाठी तोळाभर निघे. विणकर तिच्या दारी येऊन रुपयाला तीन तोळे या भावाने सूत घेऊन जात आणि मागेल तेवढी उचल देत. त्या मिळकतीवर तिने तिन्ही मुलींची लग्ने केली, सासऱ्याचे श्राद्धही रीतीप्रमाणे केले. आणि आता तीन वर्षे झाली, सासूसुना पुन्हा अन्नाला महाग आहेत. विणकर दारी येत नाहीत. बाजारात सूत पाठवले तर पूर्वीच्या पाव किमतीलाही कोणी विचारत नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की विलायती सूत आले आहे. ते आपल्यासारखे असणे शक्य नाही, असे तिला वाटले होते. तिने ते मागवून हातात घेऊन पाहिले आणि ते आपल्यापेक्षा सरस असल्याचे स्वतःच मान्य केले. भाव विचारला तर शेराला तीन-चार रुपये. तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला आणि म्हटले, की देवा, माझ्याहूनही दुःखी बहिणी या जगात आहेत तर! विलायतेतले सगळे श्रीमंत असतात असा तिचा समज होता. इतक्या कष्टाने कातलेले सूत तिकडे खपत नाही म्हणून इतक्या लांब, इतक्या मातीमोल भावात ते पाठवावे लागते, म्हणजे तिकडच्या बायकांची दशा काय असेल, असे तिच्या मनात येते. या सुताचे कापड दोन महिनेही टिकत नाही, असे सांगून ती तिकडच्या कातणाऱ्यांना विनंती करते, की माझे हे निवेदन वाचा आणि इकडे सूत पाठवणे न्याय्य आहे की नाही ते तुम्हीच ठरवा.

हे पत्र मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ पुढे काही वाचू शकले नाही. ज्या मालाने तिच्या तोंडचा घास गेला, तो माल करणाऱ्या माणसाविषयी तिच्या मनात पहिली आली ती कणव. सूत म्हटले की त्याच्या दुसऱ्या टोकाला कातणारी बाई असणारच, हे तिच्या जगात इतके पक्के होते, की बाईवाचून सूत निघत असेल ही शंकाही तिला शिवली नाही. तिच्या दारी येणारा विणकर तिला ओळखत होता, ती त्याला ओळखत होती, आणि म्हणून विलायती सुतामागेही तिने एक ओळखीची बाई उभी केली.

तिथे त्या वेळी होते काय? इंग्लंडमधल्या लँकशरमध्ये कापडाचा धंदा मुळात घरांतूनच चाले. नवरा विणी, बायको आणि मुले पिंजून, विंचरून, कातून देत, आणि तरीही एका मागाला पुरेल एवढे सूत देण्यासाठी चार-पाच कातणारे हात लागत. जॉन केने १७३३ साली दोरीच्या हिसक्याने धावणारा धोटा काढला आणि विणकराचा वेग वाढला, तशी सुताची टंचाई आणखी वाढली. कोष्टीकाकांच्या मागावर मी जो हिसका पाहिला तो हाच. ब्लॅकबर्नजवळच्या जेम्स हारग्रीव्ह्जने १७६४च्या सुमारास आठ चात्यांची जेनी केली: एका हाताने चाक फिरवायचे, दुसऱ्या हाताने पेळूंना चिमटीत धरणारी लाकडी पट्टी मागेपुढे करायची. एका बाईच्या दोन बोटांचे काम एका पट्टीने आठ जागी केले. शेजाऱ्यांनी १७६८ साली त्याच्या घरात घुसून त्या जेन्या मोडल्या आणि त्याला नॉटिंगहॅमला जावे लागले. पुढे १७७९ साली लँकशरमध्ये मोठे दंगे झाले, रिचर्ड आर्कराइटची बर्केकरची गिरणी जाळली गेली. पण त्या दंग्यांत चोवीसपेक्षा कमी चात्यांच्या जेन्यांना जमावाने हात लावला नाही. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. यंत्रे मोडणारी माणसे अडाणी आणि नव्याची वैरी होती असे चित्र आपल्या शालेय पुस्तकांतून मनावर ठसलेले आहे. खरे तर घराच्या खोलीत मावणारे यंत्र कोणते आणि घराला पोटात घेणारे यंत्र कोणते, यातली रेघ त्यांनी इतकी अचूक ओढली होती, की आज आपल्याला ती तितक्या नेमकेपणाने ओढता येत नाही.

आर्कराइट मूळचा न्हावी आणि केसांचे टोप बनवणारा. त्याच्या यंत्राने चिमटीच बाद केली. एकापाठोपाठ एक अशा रुळांच्या जोड्या, पुढची जोडी मागचीपेक्षा जलद फिरणारी. त्यांतून जाताना पेळू आपोआप ताणला जाई. आमच्या बाईंच्या बोटांना जे कळायचे ते आता रुळांच्या वेगातल्या फरकाला कळू लागले. हे यंत्र पाण्याच्या चाकावर चाले, म्हणून १७७१ साली त्याने डर्बीशरमध्ये क्रॉमफर्डला ओढ्याकाठी गिरणी उभारली. तिच्या सुतात मजबुती होती, तलमपणा नव्हता. तलमपणा आणला बोल्टनच्या सॅम्युअल क्रॉम्प्टनने, १७७९ साली. त्याच्या म्यूल नावाच्या यंत्रात रूळही होते आणि जेनीसारखी पुढेमागे जाणारी गाडीही होती. गाडी मागे जाताना शेकडो धागे एकदम ओढले आणि पिळले जात, आणि परत येताना गुंडाळले जात. मलमलीला लागणारे जे बारीक सूत तोवर हिंदुस्थानातल्या बायकांच्याच हातून निघत होते, ते आता म्यूलवर निघू लागले. क्रॉम्प्टनला त्याचे पेटंट घेणे परवडले नाही. १८११ साली त्याने स्वतः गावोगाव हिंडून गणती केली तेव्हा चाळीस लाखांहून अधिक चात्या त्याच्या युक्तीवर फिरत होत्या.

कापसाच्या इतिहासाचे अभ्यासक एक हिशेब देतात. शंभर पौंड, म्हणजे सुमारे पंचेचाळीस किलो, कापसाचे सूत कातायला हिंदुस्थानातल्या हातकताईला ५०,००० तास लागत. क्रॉम्प्टनच्या सुरुवातीच्या म्यूलला २,००० लागले, १७९५च्या सुमारास यंत्रशक्तीच्या जोडीने ३०० आणि १८२५च्या सुमारास आपोआप चालणाऱ्या म्यूलवर १३५. रोज दहा तास बसायचे म्हटले तर शांतिपूरच्या बाईची जवळजवळ चौदा वर्षे आणि तिकडचे चौदा दिवस. तिने तिचे पत्र लिहिले ते त्यानंतर तीनच वर्षांनी.

वाफेने या सगळ्यात काय केले, याचे उत्तर वेगाहून जागेत अधिक आहे असे मला वाटते. पाण्यावरची गिरणी नदीला बांधलेली होती. उन्हाळ्यात पाणी आटे, हिवाळ्यात गोठे, आणि वरच्या अंगाच्या जमीनदाराने बांध घातला की चाक थांबे. नॉटिंगहॅमशरमध्ये पॅपलविकच्या गिरणीत १७८५ साली बोल्टन आणि वॅट यांचे इंजिन बसले, आणि कापसाची कताई वाफेवर नेणारी ती पहिली गिरणी. तिच्या मालकांचा वरच्या जमीनदाराशी असा पाण्याचा तंटा सुरूच होता. कोळसा आणि इंजिन आल्यावर गिरणीला नदीच्या मागे दरीत जाण्याची गरज उरली नाही. जिथे माणसे दाटीने राहतात तिथे ती आली, आणि जिथे ती आली तिथे माणसे आणखी दाटली. मँचेस्टरसारखे बाजाराचे गाव एका आयुष्याच्या आत धुराड्यांचे शहर झाले. आणि इंजिनाचा दुसरा गुण असा, की ते कोणा एकासाठी सुरू करता येत नाही. पहाटे बॉयलर तापवला की कोळसा जळू लागतो, एका मुख्य दांड्यावरून पट्ट्यांनी सगळे मजले एकदम फिरू लागतात, आणि त्या क्षणी प्रत्येक चातीशी माणूस हजर असावा लागतो. स्वयंपाक झाल्यावर कातू, मूल निजल्यावर कातू, ही सवड त्या फिरत्या दांड्याने संपवली. चरखा बाईच्या दिवसात बसत होता; आता बाईला, बाप्याला आणि पोराला इंजिनाच्या दिवसात बसावे लागले.

मग त्या विलायती सुतामागे कोण होते? मोठमोठ्या म्यूलवर मुख्य कातणारा पुरुष असे. ती अवजड गाडी ओढण्याचे काम पुरुषाचे ठरले आणि पुढे गाडी आपोआप चालू लागली तरी त्यांनी ते सोडले नाही. त्याच्या हाताखाली पोरे. काही तुटलेले धागे जोडत दिवसभर गाडीच्या पुढेमागे चालत, आणि सगळ्यांत लहान पोरे गाडी मागे गेली की ताणलेल्या धाग्यांच्या खाली शिरून खाली पडलेला कापूस वेचत आणि गाडी परत यायच्या आत बाहेर पडत. धागा तुटू नये म्हणून खिडक्या बंद ठेवून हवा दमट आणि उबदार राखलेली, तेलाने निसरडी झालेली फरशी, अनवाणी पाय, आणि हवेत सतत तरंगणारा तूस. १८३३च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरण्यांत मनाई केली, त्याच्यापुढच्या तेरापर्यंतच्यांना दिवसाचे नऊ तास ठरवून दिले आणि ते पाळले जातात का ते पाहायला निरीक्षक नेमले. म्हणजे पत्र छापून आले त्या वर्षी हा कायदा आणि हे निरीक्षक नव्हते. शांतिपूरच्या बाईने यंत्राची कल्पना केली नाही, यात तिची गफलत झाली; पण त्या टोकाला आपल्यासारखेच कोणीतरी दुःखी आहे, हे तिने हजारो मैलांवरून बरोबर ओळखले. आणि तिच्यासारख्या विधवाही तिथे होत्याच. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या हाताने कातणाऱ्या बायकांची मिळकत तिच्या आधी तीस-चाळीस वर्षे याच यंत्रांनी काढून घेतली होती. त्यांच्या लेकी-नाती गिरणीत गेल्या.

आपल्याकडे हे वादळ बंगालनंतर इतरत्र पसरले, आणि विदर्भात ते आगगाडीने आले. १८६०च्या दशकात लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाक याने १८६९च्या सुमारास आपल्या अहवालात काय आशा व्यक्त केली आहे ते वाचताना अंगावर काटा येतो. या भागात रेल्वेचा फाटा आला तर विलायती कापड स्वस्तात येऊन इथले कापड मागे पडेल. मग जो कापूस इथे कातला जातो तो निर्यातीला मिळेल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली एवढी माणसे शेतमजुरीला मोकळी होतील. हे त्याने दुष्टाव्याने लिहिलेले नाही. त्याला ती व्यवस्था नीटनेटकी वाटत होती. लँकशरला कापूस हवा, लँकशरला गिऱ्हाईक हवे, आणि मधली माणसे रिकामी झाली तर त्यांना रानात जागा आहे. कागदावर 'मोकळी होतील' असे जे लिहिले गेले, ते प्रत्यक्षात वऱ्हाड-नागपूरच्या किती ओसऱ्यांत चरखे माळ्यावर पडण्याच्या रूपाने घडले असेल! विणकर मात्र टिकला. गिरणीचे सूत स्वस्त आणि एकसारखे होते, ते त्याला सोयीचेच पडले. काठाची नक्षी, बायकांच्या पसंतीचे रंग, नऊवारीचा पन्हा यंत्राला लगेच साधले नाहीत. त्याच्या घरात माग राहिला, म्हणून त्याची आठवण राहिली. कातणारी दुसऱ्याच्या घरातली होती. विणकराने तिच्या दारी जाणे बंद केले आणि तिचा धंदा मोडला तो असा चुपचाप, की त्याची दवंडी नाही, दंगा नाही, वर्तमानपत्रात बातमी नाही. कोष्टीकाकूंना कातणे आठवेना याचे कारण मला इथे सापडले.

आणि तरीही माझ्या मनात एकच एक भावना ठरत नाही. गिरणीच्या स्वस्त कापडामुळे ज्यांच्याकडे एकच लुगडे होते त्यांना दुसरे घेता आले. एक वाळत घालून दुसरे नेसता येणे हे सुख ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक नव्हते, त्यांच्यासाठी ते काही थोडे नव्हते. १ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हा गावात ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवले जाई, त्यांतल्या पुष्कळांना रोख पगाराचे काम मिळाले. जिथे गावकीच्या बलुत्याचे ओझे होते तिथे महिन्याच्या महिन्याला हातात पडणारे नाणे ही एक वेगळी सुटका होती. पुढे कामगारांच्या याच वस्त्यांतून विदर्भातल्या दलित चळवळीला माणसे मिळाली. चरख्यासाठी हळहळताना मी हे विसरू शकत नाही, आणि हे आठवताना शांतिपूरची बाईही नजरेआड होत नाही.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ साली चालू झाली. यंत्रे लँकशरची, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची नाममुद्रा पुढे कित्येक गिरण्यांच्या लोखंडावर वाचायला मिळे. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. त्यांचे भोंगे, चाळी, खाणावळी आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. मला शोध होता तो कातणाऱ्या बाईचा. मुंबईच्या त्रासन खात्यात, जिथे सूत कातले जाई, तिथे मुख्यतः पुरुष आणि पोरे होती. बाया होत्या त्या रिळिंग आणि वाइंडिंगला: कातून आलेले सूत लडीवर, बॉबिनवर भरायचे, तुटलेला धागा बोटांनी जोडायचा, आणि मजुरी कामाच्या नगावर. त्यांच्यावर नायकीण, तिला चार पैसे चारल्याशिवाय खात्यात शिरकाव कठीण. हजारो वर्षे जे कसब बायकांच्या चिमटीत होते ते यंत्राकडे गेले, यंत्र पुरुषांकडे गेले, आणि बाईच्या वाट्याला आधी जे कांड्या भरणे बिनपगारी होते तेच थोड्या पगारावर आले. तान्ह्या मुलांचे काय करायचे, याचे उत्तर दोन्ही देशांतल्या बायांनी एकच काढले. लँकशरमध्ये 'गॉडफ्रीज कॉर्डियल' नावाचे अफूमिश्रित गोड औषध पाजून मूल दिवसभर निजवून ठेवत. मुंबईत अफूची बाळागोळी देत. १९२०च्या दशकात गिरणीतल्या बायांची पाहणी करणाऱ्या स्त्री डॉक्टरांना जवळजवळ प्रत्येक तान्ह्याला ती दिली जात असल्याचे आढळले. चरख्याशेजारी झोळी टांगता येत होती. त्रासन-वाइंडिंगच्या घरघरीत ती टांगायला जागा नव्हती. मी हे लिहिताना त्या आयांना दोष देऊ शकत नाही. बारा-बारा तास उभे राहून संध्याकाळी सुजलेल्या पायांनी चाळीचा जिना चढणाऱ्या बाईला दुसरा कोणता मार्ग होता?

त्यांतल्या दोघींविषयी मला मनापासून आदर वाटतो. कामगारपुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४पासून रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार यांसाठी जो झगडा मांडला होता, त्याची मोठी सभा २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर भरली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले होते, आणि त्या सभेत गिरणीतल्या दोन बाया भाषण करायला उभ्या राहिल्या. १८९० साली, दहा हजार पुरुषांपुढे, मैदानात! त्याच वर्षीच्या १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. कातणारी घरात एकटी होती. तिची व्यथा सांगायला तिला वर्तमानपत्राला पत्र लिहावे लागले आणि ते एकटीचेच राहिले. गिरणीने तिच्या नातींकडून पुष्कळ काही घेतले, पण त्यांना एकमेकींच्या शेजारी उभेही केले, आणि शेजारी उभे राहिल्यावर त्या बोलल्या. यंत्राची ही बाजू मला आतून पटते.

कातणारी पुन्हा शोधायला निघाले ते गांधीजी, आणि तेव्हा ती सापडणे किती अवघड झाले होते हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. चरख्याचा पुरस्कार करायला लागले तेव्हा त्यांनी चरखा पाहिल्याचे त्यांना आठवत नव्हते. साबरमतीच्या आश्रमात आधी माग आले आणि त्यांवर गिरणीचेच सूत विणले जाऊ लागले. म्हणजे त्यांनाही नेमका तोच अडसर आला जो मला त्या पडवीत दिसला. हाताने कातणारे कोणीच सापडेना. शेवटी गंगाबेन मजमुदार यांनी गुजरातभर हिंडून बडोदे संस्थानातल्या विजापूरला काही घरांत माळ्यावर टाकून दिलेले चरखे शोधून काढले. त्या घरांतल्या बायकांनी सांगितले, की कोणी पेळू नियमित पुरवणार असेल आणि सूत विकत घेणार असेल तर आम्ही कातू. शंभर वर्षांपूर्वी शांतिपूरच्या बाईला हेच दोन आधार होते, कापूस आणि दारी येणारे गिऱ्हाईक. ते तुटले होते, कसब पूर्ण तुटले नव्हते. माझ्या शाळेतला सूतकताईचा तास, बाईंचे ते येरझारा घालत कातणे, हे सगळे विजापूरच्या त्या माळ्यावरून खाली उतरलेले होते, हे मला आता कळते.

१९३१च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधीजी मुद्दाम लँकशरमध्ये डार्वेनला गेले. तिथल्या गिरण्या बंद पडत होत्या. कारणे अनेक होती, त्यांत आपल्याकडचा बहिष्कारही होता. ज्या माणसामुळे आपली चूल थंडावली असे त्यांना सांगितले जात होते, तो हातकताईचे पंचे-शाल पांघरून त्यांच्यासमोर उभा राहिला. त्या भेटीचे छायाचित्र प्रसिद्ध आहे: गिरणीतल्या बाया त्याच्याभोवती दाटीने उभ्या आहेत, हात उंचावून जयजयकार करताहेत, आणि मधोमध तो हसतो आहे. तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे तीस कोटी माणसे वर्षातले सहा महिने बेकार असतात, अशा अर्थाचे तो त्यांना बोलला. तिकडच्या कातणाऱ्यांनी माझे म्हणणे वाचावे आणि न्याय्य काय ते ठरवावे, ही शांतिपूरची विनंती एकशे तीन वर्षांनी अशा रीतीने तिच्या खऱ्या पत्त्यावर पोहोचली होती, असे मला वाटते. त्या गर्दीतला एक बेकार कामगार तेव्हा जे म्हणाला ते नोंदवलेले आहे: मी स्वतः बेकारांपैकी एक आहे, पण मी हिंदुस्थानात असतो तर गांधी जे म्हणताहेत तेच मीही म्हटले असते.